चौकट: विषाणूची प्रथिने, कारखान्याची कामे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चढवण्याआधी टॉवेलच्या ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ देतात. तिने सूत तुटत नाही. पण रंगाईआधी ती काढावीच लागते. राहिली तर टॉवेल पाणी शोषत नाही आणि रंग डागाडागांनी बसतो. खळ काढण्याचे काम अमायलेज विकर करते. मात्र ते जिवाणूंपासून मिळते, विषाणूंपासून नव्हे. (जिवाणू-विषाणूंची गल्लत इथेच होते.) विषाणूंच्या प्रथिनांची कामे वेगळी :

• विषाणूचे प्रथिन : विषाणूच्या कवचाचा किंवा यंत्रणेचा सुटा भाग. त्यात जनुकीय द्रव्य नसेल तर संसर्ग होत नाही.

• जिवाणूभक्षक : फक्त जिवाणूंना ग्रासणारे विषाणू. १८९६ मध्ये संशोधक हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे नोंदवले. ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव संशोधक द’हेरेल यांनी १९१७ मध्ये दिले.

• एम१३ : एक जिवाणूभक्षक. सुमारे ८८० नॅनोमीटर लांब, जेमतेम ६-७ नॅनोमीटर जाड, सुतासारखाच. कवचात एकाच प्रथिनाच्या सुमारे २,७०० प्रती. प्रथिनात बदल केला की त्यावर धातूचे कण चिकटतात. २००९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत यातून लिथियम-आयन बॅटरीचे विद्युतअग्र बनवले. प्रयोगशाळेपुरतेच.

• तंबाखूचा मोझॅक विषाणू : टोमॅटो-मिरचीवरही रोग पाडणारा. ३०० नॅनोमीटरची पोकळ नळी. निकेलचा मुलामा देऊन विद्युतअग्रासाठी वापरून पाहिली आहे.

• एंडोलायसिन : जिवाणूची भिंत फोडणारे विषाणूजन्य विकर. नळ्यांत साचणाऱ्या बुळबुळीत जैवथरावर चाचण्या सुरू.

• नोबेल, २०१८ (रसायनशास्त्र) : निम्मे फ्रान्सिस आर्नल्ड यांना, विकरांच्या नियंत्रित उत्क्रांतीसाठी, उरलेले जॉर्ज स्मिथ व ग्रेगरी विंटर यांना, फेज डिस्प्लेसाठी (जिवाणूभक्षकाच्या कवचावर हवे ते प्रथिन मांडण्याची पद्धत).