नाकाची शस्त्रक्रिया: आधी श्वास, मग आकार

नाकाची प्लास्टिक सर्जरी म्हटलं की 'ही परदेशी फॅशन' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पुण्याच्या माणसाने तरी असं म्हणू नये. कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहेच. शिवाय १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने एक हकिकत छापली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने ते पुन्हा घडवलं. मेणाचा पातळ साचा कपाळावर ठेवून त्याच्या मापाची कातडी सोडवली. दोन भुवयांमधली अरुंद पट्टी मात्र न कापता राखली आणि कातडी खाली वळवून नाकावर बसवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं, म्हणून नवं नाक जगलं. सुमारे पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापड घालत. रक्तपुरवठा आणि श्वासाची वाट, या दोन गोष्टी त्या कारागिराला पक्क्या ठाऊक होत्या. आजचे गैरसमज नेमके याच दोन गोष्टी विसरल्यामुळे होतात.

'सर्जरी नको, फिलरचं इंजेक्शन घेऊ, त्यात धोका नाही.' हा मला सगळ्यात घातक गैरसमज वाटतो. त्वचेखाली भरलं जाणारं हे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही कायमची जाते. ब्युटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन कधीही घेऊ नका.

'फक्त हाड घासायचं असतं.' नाकाचा वरचा भागच तेवढा हाडाचा. खाली सगळी कूर्चा. शस्त्रक्रिया नाकपुड्यांच्या आतून करतात, किंवा दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर छोटा छेद घेऊन. आधार कमी पडला तर नाकाच्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा वापरतात. कूर्चा गरजेपेक्षा जास्त काढली तर नाक दिसायला बारीक होतं, पण श्वास घेताना आत ओढलं जातं. आरशासमोर गाल हलकेच बाहेर ओढून श्वास घेऊन पाहा. एकदम मोकळं वाटलं, तर आतली वाट अरुंद असण्याची शक्यता आहे. हे डॉक्टरांना सांगाच.

'आठवड्यात नवं नाक.' आठवड्याने निघते ती नाकावरची आधारपट्टी. डोळ्यांखालचं काळंनिळं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, पण शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बधिरपणा, पडद्याला भोक, उरलेला वाकडेपणा हे धोके चांगल्या हातूनही उरतात आणि काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते.

सेल्फी पाहून तर निर्णय घेऊच नका. फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा बरंच रुंद दिसतं.

आणि तान्ह्या बाळाच्या मालिशीत नाक चिमटीत धरून ओढणं आता थांबवा. त्याने नाक चाफेकळी होत नाही, नुसतं बाळ रडतं. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींना साधारण पंधरा-सोळा आणि मुलांना सतरा-अठरा वर्षांपर्यंत, केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नये.

प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: यानंतर मला श्वास कसा घेता येईल?