टाच का टेकत नाही?

नीट-पीजीचा क्रमांक हातात घेऊन डॉक्टर मंडळी जागा निवडायला बसतात, तेव्हा रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग या जागा भराभर जातात. ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’, बोलीत पीएमआर, हा विषय बराच खाली येतो. घरच्यांना तो समजावून सांगणंही अवघड. ‘म्हणजे फिजिओथेरपीच ना?’ हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक निवासी डॉक्टरनं ऐकलेला असतो. फिजिओथेरपिस्ट व्यायाम आणि हालचालींवर काम करतो. पीएमआरचा डॉक्टर एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी करतो. निदान करणं, औषधं आणि इंजेक्शनं देणं, कोणती पट्टी, कोणता बूट, कोणती खुर्ची हे ठरवणं, शस्त्रक्रियेची वेळ आली की सर्जनकडे पाठवणं आणि रुग्णाला रोजचं आयुष्य पुन्हा जगता येईल असं बघणं हे त्याचं काम. रुग्ण लहान मूल असलं की ‘पुन्हा’ हा शब्दच अडतो. जे मूल कधी चाललेलंच नाही, त्याला पुन्हा काय मिळवून द्यायचं? मुलांच्या पुनर्वसनाचं शिक्षण मोठ्यांच्या शिक्षणापासून वेगळं होतं ते इथं.

हे शिक्षण कसं होतं ते पाहायला कोलकाता चांगलं. एसएसकेएम रुग्णालयात, ज्याला सारं शहर नुसतं ‘पीजी’ म्हणतं, पीएमआरचा विभाग आहे आणि तिथं एमडी करता येतं. उत्तरेला बी. टी. रोडवर बोनहुगलीत केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. 1978 साली ती अस्थिव्यंगांसाठी म्हणून निघाली, आता तिच्या नावात ‘लोकोमोटर डिसॅबिलिटीज’ आहे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि कृत्रिम अवयव व कॅलिपर बनवण्याचे पदवी अभ्यासक्रम तिथं चालतात. दक्षिणेला तारातल्यात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी’. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली आणि दोनच वर्षांनी, 1974 मध्ये, सुधा कौल यांनी कोलकात्यात हे काम सुरू केलं. तिन्ही ठिकाणं एकाच शहरात, पण एका छताखाली नाहीत. मुलांचं पुनर्वसन शिकायचं तर या शहरात पायपीट आलीच.

या विषयाचा पाया घातला पोलिओनं. मुंबईत हाजी अलीला अपंग मुलांसाठीच्या संस्था उभ्या राहिल्या त्यामागेही पोलिओच होता. एक पाय लुळा, बुद्धी शाबूत, संवेदना शाबूत. स्नायूंची ताकद मोजा, आखडलेला सांधा सोडवा, कॅलिपर द्या, शाळेत पाठवा. काम कष्टाचं, पण हिशेब सरळ. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण कोलकात्याच्या शेजारी हावडा जिल्ह्यात सापडला. 13 जानेवारी 2011 ला त्या मुलीला लक्षणं दिसली. त्यानंतर ओपीडीतली पोलिओची मुलं हळूहळू मोठी होऊन निघून गेली आणि त्यांची जागा प्रामुख्यानं सेरेब्रल पाल्सीनं घेतली. वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मताना किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत झालेली इजा. ती पुढे वाढत नाही. मात्र मूल वाढतं आणि तिचे परिणाम बदलत राहतात. भारतात हजार मुलांमागे साधारण दोन-तीन असा अंदाज सांगितला जातो.

या बदलात पश्चिम बंगालचा आणखी एक धागा आहे आणि तो थेट महाराष्ट्राला येऊन मिळतो. 2003 मध्ये पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी खास कक्ष सुरू झाला. एसएसकेएमचे नवजातशिशुतज्ज्ञ डॉ. अरुण सिंह यांनी तो उभा केला आणि पुढे देशभर तसे कक्ष निघाले. अकाली जन्मलेली, जन्मताच न रडलेली, काविळीनं पिवळीधमक झालेली बाळं वाचू लागली. वाचलेल्यांतल्या काहींच्या मेंदूला मार बसलेला असणार हे उघड होतं. मग त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि दोष आढळला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात रवानगी, अशी त्याची रचना. डॉ. सिंह या कार्यक्रमाचे राष्ट्रीय सल्लागार होते. कागदावर साखळी पूर्ण झाली. त्या केंद्रात बसणाऱ्या माणसाला काय यायला हवं, हा प्रश्न मात्र प्रशिक्षणाचा.

त्याला काय यायला हवं, ते टाचेवरून पाहू. चार-पाच वर्षांचं मूल चवड्यांवर चालत येतं. आई सांगते, टाच टेकतच नाही. नवखा डॉक्टर पोटरी चाचपतो, ‘ताठर आहे’ असं लिहितो आणि व्यायाम सांगून मोकळा होतो. शिकवणारा त्याला थांबवतो. आधी मुलाला गुडघा सरळ ठेवून झोपवायचं, टाच तळहातात धरायची आणि पाऊल अगदी सावकाश वर आणायचं. कुठवर येतं तो कोन मोजायचा. मग तेच पाऊल झटक्यात वर करायचं. मध्येच कुठेतरी स्नायू अडकल्यासारखा धरतो, तोही कोन मोजायचा. दोन्ही कोनांत मोठं अंतर असेल तर स्नायूची लांबी पुरेशी आहे, मेंदूकडून येणारा ताण जास्त आहे. अशा मुलाला इंजेक्शनाचा उपयोग होऊ शकतो. दोन्ही कोन जवळपास सारखे आले, तर स्नायू खरोखरच आखूड झालाय आणि इंजेक्शनानं तो लांब होणार नाही.

मग गुडघा वाकवून हेच सगळं पुन्हा. पोटरीत दोन मुख्य स्नायू. वरचा गुडघ्याच्याही वरून निघतो, खालचा गुडघ्याखालून. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो. आता पाऊल सहज वर आलं तर दोष वरच्याचा, नाही आलं तर खालचाही सामील. सुई कुठे टोचायची किंवा सर्जननं नेमकं काय सैल करायचं, हे या साध्या तपासणीवर ठरतं. लागतो एक कोनमापक, धीर आणि न रडणारं मूल. तिसरी गोष्ट सगळ्यांत दुर्मीळ, म्हणून आधी पाच मिनिटं मुलाशी खेळायला शिकवतात. रडणाऱ्या मुलाचा प्रत्येक स्नायू ताठच लागतो.

मुलगा असेल आणि पोटऱ्या फुगीर असतील, तर त्याला जमिनीवरून उठायला सांगायचं. स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत, चढत गेल्यासारखा उठला, तर प्रकरण वेगळंच. ड्यूशेन नावाचा आनुवंशिक स्नायुरोग असण्याचा संभव. इथं चवड्यांवर चालणं ही अशक्त शरीरानं तोल राखायला काढलेली युक्ती असते आणि घाईनं पोटरी सैल केली तर चालणारा मुलगा बसू शकतो. टाच टेकत नाही ही तक्रार एकच, पण उत्तरं परस्परांच्या उलट.

ताठरपणावरचं इंजेक्शन म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. लोक त्याला बोटॉक्स म्हणतात आणि पालक दचकतात, कारण त्यांनी ते नट्यांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा काढायची, सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू बघत सुई घालायची. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. तंत्र लवकर हातात बसतं. वेळ लागतो तो त्या तीन-चार महिन्यांत काय करायचं हे इंजेक्शनाच्या आधी ठरवायला शिकण्यात. प्लास्टर घालून पोटरी ताणायची का, नंतर घोट्याचा प्लास्टिकचा साचा घालायचा का, थेरपी कोण देणार, आई सुंदरबनातून आठवड्याला येऊ शकते का. हे ठरलं नसेल तर महागडी कुपी वाया गेली असं समजावं.

मूल पुढे किती चालेल हा प्रश्न पालक पहिल्याच भेटीत विचारतात. त्यासाठी 1997 मध्ये कॅनडात तयार झालेली पाच पातळ्यांची मोजणी जगभर वापरतात. पहिल्या पातळीचं मूल धावतं, जिने चढतं. पाचव्या पातळीच्या मुलाला डोकं सावरायलाही मदत लागते. साधारण दुसऱ्या वाढदिवसानंतर ठरलेली पातळी सहसा फारशी बदलत नाही. ‘रोज चार तास व्यायाम करा, चालेल’ असं पाचव्या पातळीच्या मुलाच्या आईला सांगणं म्हणजे तिची वर्षं आणि घरदार पणाला लावणं. या मुलाच्या बाबतीत शिकायचं असतं ते खुब्याचं. ऑस्ट्रेलियातल्या 2006 च्या एका अभ्यासात पहिल्या पातळीच्या मुलांचे खुबे सरकलेले आढळले नाहीत, पाचव्या पातळीत मात्र दर दहांतल्या नवांचे सरकले होते. सरकणारा खुबा सुरुवातीला दुखत नाही. म्हणून ठरावीक काळानं एक्स-रे काढायचा आणि मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीबाहेर किती टक्के आलंय ते पट्टीनं मोजायचं. तीसच्या वर गेलं की लक्ष घालायचं. न चालणाऱ्या मुलाचा खुबा कशाला बघायचा, असं वाटणाऱ्यांना सांगायला हवं, की दुखऱ्या खुब्याचं मूल बसूही शकत नाही आणि त्याची लंगोट बदलणं हा दोघांना छळ होतो.

तारातल्यात डॉक्टर येतो तेव्हा त्याच्या हातून सुई आणि पट्टी दोन्ही सुटतात. इथली ख्याती आहे ती न बोलू शकणाऱ्या मुलांशी संवाद साधण्याच्या कामाची. चित्रांचा किंवा शब्दांचा फळा, आणि मूल बोटानं, मुठीनं किंवा नुसत्या नजरेनं त्यावर दाखवतं. खरगपूरच्या आयआयटीनं ‘संयोग’ नावाची संगणक प्रणालीही अशा मुलांसाठी बनवली होती. डॉक्टरनं इथं शिकायचं ते वाट पाहणं. प्रश्न विचारला की मुलाला उत्तरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हात उठतो, भरकटतो, परत येतो. तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकला किंवा आईनंच उत्तर दिलं की संपलं. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असा शेरा ओपीडीच्या कागदावर किती सहज पडतो हे तिथं बसल्यावर कळतं. जन्मानंतरच्या तीव्र काविळीनं हातपाय अनावर झालेल्या कितीतरी मुलांना उत्तम समजतं. त्यांना ऐकू नीट येत नाही, आणि श्रवणाची तपासणी कुणी केलेलीच नसते.

लवकर ओळखण्याचं शिक्षण हा आणखी एक भाग. तीन ते पाच महिन्यांचं निरोगी बाळ उताणं पडलं की मान, मनगटं, घोटे यांत सतत बारीक, गोल, चुळबुळत्या हालचाली असतात. त्या नसतील तर धोका मोठा. बाळाचं काही मिनिटांचं चित्रण करून, त्याला हात न लावता हे ओळखता येतं. पण नजर तयार व्हायला शेकडो बाळं पाहावी लागतात, आणि ती सापडतात नवजात कक्षाच्या पाठपुराव्याच्या ओपीडीत. पीएमआरच्या विभागात बाळ येतं तोवर अनेकदा दीड-दोन वर्षांचं झालेलं असतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र हा विषय कंटाळवाणा म्हणून निवासी डॉक्टर टाळतात. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सेरेब्रल पाल्सीचं नाव त्यात स्वतंत्र आलं, आणि बहुतेक सवलतींची रेषा 40 टक्क्यांवर आहे. हे सगळं नीट माहीत असलेला डॉक्टर एका कुटुंबाच्या वर्षभराच्या खेपा वाचवतो.

अमेरिकेत या साऱ्याची वेगळी उपशाखा आहे. एमडीच्या तोडीच्या शिक्षणानंतर साधारण दोन वर्षांची फेलोशिप, आणि तिची पहिली परीक्षा 2003 मध्ये झाली. आपल्याकडे बहुतेक जण एमडीनंतर अनुभवानं किंवा लहानमोठ्या फेलोशिपमधून या वाटेला लागतात. आपणही तसाच वरचा मजला चढवावा असं म्हणणारे आहेत. मला ते आज पटत नाही. उपशाखेचे तज्ज्ञ महानगरांत राहतील आणि पुरुलिया किंवा गडचिरोलीच्या केंद्राला ते मिळणार नाहीत. त्यापेक्षा पीएमआरच्या प्रत्येक एमडीला तीन वर्षांपैकी सहा महिने मुलांमध्ये घालवायला लावावेत: दोन महिने नवजात कक्षाच्या पाठपुराव्यात, दोन महिने हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांबरोबर आणि दोन महिने तारातल्यासारख्या संस्थेत, जिथं शिकवणारे डॉक्टर नसतात. बालरोगाच्या एमडीलाही महिनाभर पीएमआरमध्ये पाठवावं, कारण मूल पहिल्यांदा त्याच्याच समोर येतं. आणखी एक फायदा हिशेबात धरायला हवा. बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीतून मूल वयाच्या उंबरठ्यावर बाहेर पडतं आणि नेमकं तेव्हा त्याची पाठ वाकू लागलेली असते, वजन वाढलेलं असतं, आई थकलेली असते. पीएमआरच्या डॉक्टरला वयाची ही अट नाही. चौथ्या वर्षी ज्याची टाच त्यानं मोजली, त्याची खुर्ची चोविसाव्या वर्षीही तोच बदलून देऊ शकतो.