मोठे अपडेट येण्यापूर्वी...

२७ सप्टेंबर २०२३ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' हा अकरा वर्षे चाललेला खेळ मागे घेऊन त्याच्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' आणला. नवा खेळ वेगळा विकत घ्यावा लागला नाही. जुन्याचे अपडेट म्हणूनच तो संगणकावर उतरला. जुन्या खेळासाठी कंपनीने २ जीबी मेमरी आणि १५ जीबी जागा सांगितली होती. नव्यासाठी ८ जीबी मेमरी आणि ८५ जीबी जागा लागेल, असे जाहीर झाले. अशी महाकाय अपडेट्स आता नेहमीचीच झाली आहेत. पालघर किंवा बोईसरमधील ज्या घरात एकच संगणक आहे, तेथे मात्र हा प्रश्न केवळ खेळणाऱ्या मुलाचा राहत नाही. त्याच संगणकात ताईचा महाविद्यालयीन प्रकल्प असतो, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद असतात आणि दहा वर्षांचे कौटुंबिक फोटोही असतात.

खेळ बिघडला तर तो पुन्हा उतरवता येतो. फोटो पुन्हा उतरवता येत नाहीत. म्हणून तयारीची सुरुवात खेळापासून नव्हे, तर घरच्या फायलींपासून करावी. त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि त्यातील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. प्रत घेतली म्हणजे ती उघडेलच, असे गृहीत धरू नये.

त्यानंतर जागेचा प्रश्न येतो. अपडेट चार जीबीचे आहे, म्हणून चार जीबी मोकळी जागा पुरेल, हा समज चुकीचा आहे. स्टीमसारखी यंत्रणा खेळाच्या फायलींचे सुमारे एक-एक मेगाबाइटचे तुकडे करते, त्यातील बदललेले तेवढेच आणते, जुन्या तुकड्यांशी जोडून नवी फाइल तयार करते आणि मगच जुनी काढून टाकते. तोपर्यंत दोन्ही डिस्कवर नांदत असतात. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर हे जोडकाम फार रेंगाळते. उतरवणे पूर्ण झालेले दिसते, पण खेळ सुरू होत नाही. मग संगणक अडकला असे समजून कोणीतरी थेट बटण दाबून तो बंद करतो. असे करू नये. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे. जागा मोकळी करण्यासाठी विंडोजमधील 'स्टोरेज'ची सोय वापरावी, न खेळले जाणारे खेळ काढावेत. 'विंडोज' नावाच्या फोल्डरमध्ये शिरून नको वाटणाऱ्या फायली पुसण्याचा उत्साह मात्र आवरावा.

इंटरनेटच्या वेगाचा हिशेबही आधीच केलेला बरा. जाहिरातीतील ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ५ मेगाबाइट. या वेगाने ८५ जीबी उतरायला पावणेपाच तास लागतात, तेही वेग सलग मिळाला तर. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर हेच काम सहा आठवडे चालेल! स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये वेळ ठरवून देता येते; ती मध्यरात्रीनंतरची ठेवावी, म्हणजे घरातील इतरांच्या कामात अडथळा येत नाही. एकाच इमारतीत दोघे मित्र खेळत असतील, तर दोघांनी वेगवेगळे उतरवण्याचीही गरज नाही. २०२३ पासून स्टीममध्ये एका संगणकावरील खेळ त्याच राउटरला जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर नेण्याची सोय आहे. दोन्हीकडे स्टीम चालू हवे आणि सेटिंगमध्ये मित्राला परवानगी दिलेली हवी, इतकेच. डहाणू लोकल एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. तेव्हा मुंबईच्या मित्राकडून पोर्टेबल डिस्कवर खेळ आणणेही अवघड नाही. फक्त ती डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही आणि 'जागा असूनही कॉपी होत नाही' हे कोडे रात्रभर सुटत नाही.

आता विजेकडे वळू. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले, तरी त्याच्या शेजारच्या घरांतील वीज जातेच. दिव्याखाली अंधार म्हणावे तर ते तितकेसे खरे नाही. केंद्राची वीज उच्चदाब वाहिन्यांनी ग्रीडमध्ये जाते. घरात येते ती वितरणाच्या तारांवरून, आणि फांदी पडते ती या तारांवर. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ किनारपट्टीवरील लोक विसरलेले नाहीत. संगणकाला छोटा यूपीएस असावा, तो तास-दोन तास चालवण्यासाठी नव्हे, तर संगणक नीट बंद करण्यापुरती सवड मिळावी म्हणून. विजा चमकत असताना प्लगबरोबरच राउटरला आलेली नेटची तांब्याची केबलही काढावी. गच्चीवरून ओढलेल्या तारेतून आलेल्या झटक्याने संगणकाचे पोर्ट जळू शकते. समुद्राची खारी, दमट हवा आणि कारखान्यांचे वायू यांनी तांब्याचे जोड काळे पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होते. हा मान काही मिरवण्यासारखा नव्हे. मोठ्या अपडेटनंतर संगणकावर ताण वाढतो, म्हणून पंख्यावरची धूळ आधीच काढावी.

सर्वाधिक धोक्याची जागा मात्र वेगळीच आहे. फसवणूक रोखण्यासाठी काही खेळ आता 'सिक्युअर बूट' मागतात. विंडोज सुरू होण्याआधी चालणाऱ्या प्रोग्रामवर विश्वासार्ह सही आहे की नाही, हे ही सोय तपासते. 'बॅटलफील्ड ६' आणि 'कॉल ऑफ ड्युटी : ब्लॅक ऑप्स ७' या २०२५ च्या दोन्ही खेळांनी ती अनिवार्य केली. ती चालू करण्यासाठी बायोसमध्ये जावे लागते आणि एखादा व्हिडिओ पाहून मुले सहज जातात. संगणकाची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ती बदलून न घेता बायोसमधील पद्धत बदलल्यास विंडोज सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाला कळण्याआधीच लागलेले असते. किल्ली ज्याच्या नावाने लॅपटॉप प्रथम सुरू झाला, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि ते खाते कधी दुकानदाराने घाईत उघडून दिलेले असते, तर कधी त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. ती किल्ली नसेल, तर त्या डिस्कवरील फायली मायक्रोसॉफ्टलाही उघडून देता येत नाहीत. सबब, बायोसला हात लावण्यापूर्वी ती किल्ली शोधून कागदावर लिहून घ्यावी, बिटलॉकर तात्पुरते थांबवावे आणि मगच पुढे जावे. कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांतच ठेवावा.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तयार करणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. कोणी पाठवलेल्या 'जलद अपडेट'च्या फायली उघडू नयेत. अपडेटनंतर पहिल्यांदा खेळ सुरू केल्यावर तो अडखळत चालतो, कारण चित्रांसाठी लागणारे शेडर त्या संगणकासाठी नव्याने तयार होत असतात. पहिला अर्धा तास सरावात घालवावा. क्रमवारीचा सामना दुसऱ्या दिवशी खेळता येतो.