तुरुंग आणि घर यांच्यामधले घर

धसईच्या बाजारात पोती वाहणाऱ्यांमध्ये माझे आयुष्य गेले. शाळा अर्ध्यावर सुटली. कायदा वाचायला शिकलो तो हजेरीपत्रके आणि समन्स यांच्यावरून. तेव्हा मोठे शास्त्र सांगत नाही, एका माणसाविषयी सांगतो.

तो आमच्या टोळीतला हमाल. चोरीपायी तीनदा आत जाऊन आला. तिसऱ्या खेपेस सुटला तो एस.टी.तून उतरून थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, काम द्या." भाऊ घरात घेईना, मुकादम टोळीत घेईना. आणि सभांतून कष्टकऱ्यांच्या नावाने गर्जणारा मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात पाहू." पुढच्या महिन्यात तो पुन्हा आत होता.

अशांना 'सराईत' म्हणतात. मुंबई राज्याने १९५९ साली त्यांच्यासाठी कायदा केला. त्यात नाव नोंदवण्याची आणि राहण्याचा पत्ता कळवण्याची तरतूद होती. पण ज्याला कोणी दारात उभे करीत नाही, त्याने पत्ता आणावा कोठून?

तुरुंग आणि घर यांच्यामध्ये एक घर असावे, ही कल्पना परदेशाहून आणायला नको. औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळी, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. त्यामागे मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन होते. तेथे तट नाही. कैदी कुटुंबासह राहतो, शेत कसतो. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ला याच वसाहतीने विषय दिला. चित्रपटात जेलरच्या डोळ्यांचा धाक मोठा. मला वाटते, खरे काम चुलीने केले. ज्याची चूल पेटलेली आहे, तो पळून जाणार कोठे?

मात्र आजही तेथे जातो तो चांगल्या वर्तणुकीवरून निवडलेला कैदी. लहानसहान चोऱ्यांपायी वारंवार आत जाणारा सहसा तेथवर पोचत नाही, आणि गरज तर त्यालाच अधिक.

असे घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. रात्री परतण्याची वेळ ठरलेली, पहिल्या दिवसापासून काम, मजुरी इतरांइतकीच, त्यातला काही भाग पोस्टाच्या खात्यात. शिवाय गावात चोरी झाली की "काल रात्री हा येथेच होता" असे सांगणारा एक जबाबदार माणूस. ही साक्ष मला छपराइतकीच मोलाची वाटते.

"गावात चोर आणून ठेवता काय?" असे आपण विचाराल. अहो, तो येणारच आहे. त्याचे गाव हेच आहे. रात्री तो कोठे निजतो हे कोणाला ठाऊक असावे की नसावे, एवढाच प्रश्न.

यंदा संक्रांतीनंतर तो सुटला. दोघे जामीन राहिले म्हणून टोळीने त्याला घेतले. खोलीसाठी मी तीन दारे ठोठावली. तूर्त तो गोदामाच्या ओट्यावर निजतो. ज्येष्ठात पाऊस लागेल.