मझल ब्रेक : खांद्याचे सुख व कानांचे नुकसान

रानडुकरांच्या उपद्रवामुळे रात्ररात्र मका व भुईमूग राखणाऱ्या आमच्या ओळखीच्या काही बागाईतदारांनी आम्हांस विचारिले की, रायफलीच्या नळीस ‘मझल ब्रेक’ बसवावा काय, व बसविल्यास कोणता? त्याचे उत्तर येथे देत आहो.

बार उडाला म्हणजे गोळीबरोबर दारूचा वायूही मोठ्या वेगाने पुढे निघतो, व त्याचा उलट धक्का खांद्यास बसतो. ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर आट्यांनी बसविलेला, भोके पाडलेला पोलादी तुकडा होय. तो हा वायू बाजूंस व किंचित मागे वळवितो. चांगल्या बनावटीचा ब्रेक धक्का तृतीयांश ते निम्मा कमी करितो. मात्र ठासणीच्या बंदुकीत वायूचा दाब थोडा असल्याने तेथे त्याचा उपयोग नाही.

निवड करिताना तीन गोष्टी पाहाव्या. ब्रेकचे भोक गोळीपेक्षा थोडे मोठे व नळीच्या अगदी सरळ रेषेत असावे; नाहीतर गोळी त्यास घासेल. खालच्या बाजूस भोके नसावी. नाहीतर निजून बार काढिताना धूळ उडून डोळ्यांत जाईल. आटे पाडण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करवावे.

आता खरी किंमत ऐका. 140 डेसिबलपुढील क्षणिक आवाजही कानास अपाय करितो, आणि रायफलीचा आवाज मुळातच त्याहून मोठा. ब्रेकमुळे तो मागच्या बाजूस आणखी 5 ते 10 डेसिबलने वाढतो. 10 डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. आमच्या माहितीतील एका गृहस्थांनी मचाणावरून असा बार काढिला. मालकाचा खांदा वाचला. परंतु शेजारी बसलेल्या राखणदाराच्या कानांतील किणकिण चार वर्षे झाली तरी थांबलेली नाही. त्या बिचाऱ्याने ब्रेक मागितला नव्हता.

महसूल खात्यात असताना परवान्यांचे कागद आमच्या हातून पुष्कळ गेले. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून जनावर मारिता येत नाही. तस्मात् वर्षातून एखादा बार काढणाऱ्याने दस्त्यास रबरी गादी लावावी, दस्ता खांद्यात घट्ट धरावा, आणि स्वतःच्या व सोबत्याच्या कानांस संरक्षण द्यावे. ब्रेक घेणारास तर हे शेवटचे अनिवार्यच होय.