पैसा ठेवावा कोठे?

पैसा कोठे ठेवला म्हणजे निर्धास्त झोप लागेल, असे आपण सर्वच विचारतो. आरंभीच सांगून टाकतो की, असे एकही ठिकाण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच औसा तालुक्यातील किल्लारीस भूकंप झाला. दगडमातीच्या ज्या जाड भिंतींचा आधार वाटे, त्याच कोसळल्या. माणसे गेली, त्या दुःखापुढे पैशाची गोष्ट क्षुद्र होय. परंतु घर, दागिना आणि धान्य एकाच ढिगाऱ्याखाली जाऊ शकते, हेही तेव्हा कळले. धोका कोणत्या बाजूने येईल हे आधी पाहणे, हाच गुंतवणुकीचा पहिला धडा.

गुंतवणुकीचे ढोबळ प्रकार तीन: वस्तू घेणे, कर्जाऊ देणे आणि धंद्यात भागीदार होणे.

सोने आणि जमीन या वस्तू. सोने चटकन मोडता येते, पण दागिन्याची घडणावळ परत मिळत नाही, आणि चोराचे भय असते. जमीन चोरीस जात नाही. मात्र नडीच्या वेळी योग्य भावाचे गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

ठेव म्हणजे आपण दिलेले कर्ज. टपाल कचेरीतील बचतीमागे केंद्र सरकार उभे असते. बँकांतील ठेवींना, सहकारी बँकांतीलसुद्धा, विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारास एका बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण मिळू लागले. पतसंस्थेच्या ठेवीस मात्र हा विमा नाही. म्हणून कोणी इतरांहून चार टक्के अधिक व्याज देऊ करील, तर 'हा ते आणणार कोठून?' असे आधी विचारावे. जादा व्याज हे बहुधा जादा धोक्याचेच मोल असते.

ठेव बुडाली नाही तरी झिजते. शंभराचे वर्षाने एकशे सहा झाले, आणि शंभराची तूरडाळही एकशे सहाला गेली, तर पदरात काय पडले?

या झिजेवर उपाय म्हणून लोक शेअर घेतात. शेअर घेणारा कंपनीचा अल्पसा मालक होतो. नफ्यात त्याचा वाटा, तसा तोट्यातही. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक एकवीस हजारांवर गेला होता. ऑक्टोबरात तो नऊ हजारांच्या खाली आला. ज्यांना थांबता आले त्यांना पुढे चढता बाजार दिसला. ज्यांना त्याच महिन्यात पैसा हवा होता, ते बुडाले. म्युच्युअल फंडात एकाच रकमेचे अनेक कंपन्यांत वाटे पडतात. एका कंपनीचा धोका घटतो, बाजाराचा राहतो.

तेव्हा नवशिक्याने क्रम असा धरावा. आधी सावकाराचे देणे फेडावे. त्याच्या व्याजाएवढी मिळकत कोणतीही ठेव देत नाही. मग सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वा टपालात ठेवावा. बी-भरणाचा, लग्नाचा, औषधपाण्याचा पैसा शेअरांत घालू नये. दहा वर्षे लागणार नाही तेवढाच तिकडे वळवावा, आणि सारे धान्य एका कणगीत भरू नये.