स्त्रीराज्य आणि आपण

श्रावणात आमच्या घरी नवनाथांची पोथी लागते. मालुकवींचा 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ चा, म्हणजे इ. स. १८१९ चा. त्यातल्या स्त्रीराज्याची कथा मला लहानपणापासून आवडे. मारुतीच्या भुभुःकाराने तिथल्या स्त्रियांना गर्भ राहतो, आणि त्याच भुभुःकारामुळे तिथे पुरुष जगत नाही. राज्य करते मैनाकिनी राणी.

कॉलेजात आल्यावर ध्यानात आले, की कवीने येथे एक समाजच रचला आहे आणि त्या रचनेला एक रीत आहे. आधी शरीराचा नियम ठरवायचा आणि मग त्यातून समाजाचे नियम काढायचे. पुरुषच नाही म्हटल्यावर गादी, कारभार, पहारा ही सारी कामे बायकांचीच. 'हे बायकांचे काम नव्हे' असे तिथे म्हणणार कोण? परंतु कथा ऐकणारे आपल्याच समाजातले. म्हणून शेवटी ते राज्य म्हणजे मोह ठरते, आणि गुरू मच्छिंद्रनाथांना त्यातून सोडवायला गोरक्षनाथांना जावे लागते. शरीर बदलले, तरी मोजण्याचे माप जुनेच राहिले.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९६९ साली 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत गेथेन नावाचा ग्रह कल्पिला. तिथली माणसे एरवी स्त्रीही नाहीत आणि पुरुषही नाहीत. महिन्यातले थोडे दिवस शरीर एका बाजूस झुकते, पण कोणत्या ते आधी ठरलेले नसते. एका मुलाची आई असलेली व्यक्ती दुसऱ्या मुलाचा बाप असू शकते. बाळंतपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून त्यापायी कोणी जन्मभर बांधले जात नाही. तरी लेखिकेने सर्वांसाठी 'तो' हेच सर्वनाम वापरले. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त असल्याचे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले.

२०१० च्या सुमारास इंग्रजीतल्या हौशी लेखकांनी 'ओमेगाव्हर्स' नावाची सृष्टी उभी केली. तिच्यात स्त्री-पुरुष भेदावर आल्फा, बीटा, ओमेगा असा आणखी एक भेद असतो. ओमेगा पुरुषालाही मूल होते. मात्र अशा पुष्कळ कथांत मूल ज्याच्या पोटी, त्याने दुसऱ्याच्या आज्ञेत राहायचे, हे ठरलेलेच. म्हणजे शरीर नवे, पण चूल जुनी!

आमच्या परड्यात रातांब्याची झाडे आहेत. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून केलेले रोप कोणते निघाले, हे फुले येईपर्यंत कळत नाही, आणि त्यासाठी काही वर्षे थांबावे लागते. नराला फळ धरत नाही. निसर्ग एवढेच सांगतो. कोणी कोणाचे ऐकावे, हे रातांब्याला ठाऊक नाही. ते आपण ठरवले.

हे मी केवळ पुस्तकातून शिकले नाही. माझा थोरला भाऊ माझ्याहून हुशार. दहावीनंतर 'मुलगा आहे, कमवायला हवे' म्हणून तो मुंबईस गेला. त्याने पाठवलेल्या पैशांवर मी आमच्या घरातली पहिली कॉलेजकन्या झाले. आता 'मुलगी आहे, बी. ए. पुरे' असे बोलणे कानी येऊ लागले आहे. आम्हां दोघांचेही नियम आमच्या जन्माआधीच कोणीतरी लिहून ठेवले होते.

वाचकहो, आपणही एखादा समाज कल्पून पाहा. स्वतःला तीनच प्रश्न विचारा. मूल कोणाच्या पोटी? त्याला वाढवणार कोण? आणि पैसा कोणाच्या हाती? पहिल्याचे उत्तर शरीर देईल. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोण देतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. पुढच्या सुट्टीत भाऊ फोंड्याला आला, की मी त्यालाही हे विचारणार आहे.